नकाशावर बसलेला मुलगा

"ओ, उठा! माझ्या नकाशावर बसलायत तुम्ही!"

कल्याणहून मलंगगडाकडे जाणाऱ्या बसमध्ये सगळ्यांच्या माना वळल्या. मैथिलीने खिडकीची जागा धरायला रुमालाऐवजी नकाशा टाकला होता आणि हा कोण कुठला मुलगा खुशाल त्यावर बसला! उठला, चुरगळलेला कागद हाताने सरळ केला, आणि वर हसला. त्या हसण्याने तर तिच्या डोक्यात तिडीकच गेली.

आणि नशीब तरी कसं बघा! पायथ्याशी ट्रेकच्या ग्रुपने जोड्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या, तर तिच्या जोडीला नेमका तोच. साकेत नाव, घोडबंदर रोडचा, पहिल्यांदाच आलेला. इकडे डोंबिवलीच्या मैथिलीची आज लीडरची परीक्षा होती. फोन बंद ठेवायचा आणि नुसता नकाशा अन् होकायंत्र घेऊन जेवणाच्या आत डोंगरापलीकडचं म्हसोबाचं देऊळ गाठायचं. गाठलं, तर पुढच्या ट्रेकला सगळे तिच्या मागून चालणार होते. त्यासाठी तिने कित्येक रविवार घालवले होते.

"मी सांगेन तसं चालायचं. मध्ये तोंड घालायचं नाही," तिने बजावलं.

"जशी आज्ञा, मॅडम."

"मॅडमही म्हणायचं नाही!"

होकायंत्र छातीशी धरायचं, सुई बघायची आणि तरातरा निघायचं, असं तिचं चाललं होतं. ऑक्टोबरचं ऊन मान भाजत होतं. काटेरी फांदी आली की साकेत ती तिच्यासाठी धरून ठेवायचा... आणि तिने पाहिलं की उगाच दुसरीकडे बघायचा. तेवढ्यापुरता तिचा राग उतरायचा.

टेकडी उतरल्यावर पाहते तर काय, देऊळ नाहीच! समोर दगडाची खाण.

"असं कसं होईल?" तिचा आवाज चिरकला. "धर बघू होकायंत्र!"

त्याच्या हातात सुई एका बाजूला सरकली. तिने परत घेतलं, तर दुसऱ्या बाजूला.

साकेत घसा खाकरून म्हणाला, "ते... तुझी पर्स."

गळ्यात अडकवलेल्या पर्सच्या बटणात लोहचुंबक होतं. पर्स बाजूला केल्याबरोबर सुई निमूटपणे वळली.

"तुला कधी कळलं हे?"

"मघाशी पाणी पिताना होकायंत्र माझ्याकडे दिलंस ना... तेव्हाच."

"आणि तू गप्प बसलास?"

"तूच म्हणालीस, तोंड घालायचं नाही. आणि खरं सांगू? वाट चुकली असती, तर तुझ्याबरोबर जरा जास्त वेळ—"

"तुला फिरायला मिळावं म्हणून माझी परीक्षा चुलीत? उद्या माझ्यामागे दहा माणसं असती तर? त्यांनाही असंच भटकवलं असतंस?" रागाने तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

त्याचं हसू मावळलं. "चुकलं माझं. खरंच चुकलं."

"धर ही पर्स, आणि लांब उभा राहा!"

तिने होकायंत्रावर आधी मलंगगडाची दिशा मोजली, मग चंदेरीच्या सुळक्याची. चुरगळलेल्या नकाशावर दोन रेघा ओढल्या. त्या जिथे मिळाल्या, तिथे ही दोघं उभी होती. तिथून मात्र ती चुकली नाही. पण देवळाशी पोचेपर्यंत सगळ्यांचे डबे रिकामे झाले होते.

"ताई, उशीर माझ्यामुळे झाला," परीक्षा घेणाऱ्या योगिनीताईंना साकेत म्हणाला.

"काही नाही, पर्स माझी होती!" मैथिली कडाडली.

"मग पुढच्या महिन्यात परत ये," ताई म्हणाल्या. मैथिलीने मान डोलावून नकाशाची घडी घातली.

बसच्या वाटेवर साकेतने हळूच विचारलं, "तेव्हा जोडीला मी येऊ?"

"आलास तर बोलायचं. मी कितीही ओरडले तरी तिथल्या तिथे सांगायचं."

"नक्की?... मग, मला तू आवडतेस."

तिची कानशिलं तापली. "कधीपासून?"

"'ओ, उठा' म्हणालीस ना, तेव्हापासून."

"आणि आत्ता सांगतोयस? काय माणूस आहेस रे!" असं म्हणून ती तरातरा पुढे गेली.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. शेजारच्या सीटवर एक काका टेकणार, तेवढ्यात ती ओरडलीच, "ओ काका! नकाशा दिसत नाही का? जागा धरलीये ती!"

मग दारात घुटमळणाऱ्या साकेतकडे बघून तितक्याच रागाने म्हणाली, "ये ना आता... आणि बसायच्या आधी तो उचल."