सर्वांना आमंत्रण

दुपारी सव्वाचार वाजता, अंगठ्याच्या एका निसटत्या स्पर्शानं, तिनं तीनशे बारा माणसांना एकाच वेळी कळवून टाकलं की त्यांच्यावाचून तिचं जग ओस पडलं आहे.

तिला ते कळलं, तेव्हा चार सोळा झाले होते.

ती एका साप्ताहिकात होती. समाजमाध्यमांची जी जी नवी सेवा निघेल तिच्यात शिरायचं, पंधरा दिवस राहायचं आणि मग वाचकांना सांगायचं की इथे यावं की न यावं, हे तिचं काम. कचेरीतले लोक तिला ‘चाखणारी’ म्हणत. डावाच्या टोकावरून मीठ चाखावं आणि जेवायला मात्र बसू नये, तशी. तीन वर्षांत तिनं वीसेक सेवा चाखल्या होत्या. एकीतही ती राहिली नव्हती.

आजची सेवा कोरीकरकरीत होती, आणि म्हणून निर्मनुष्य. ‘सर्वांना आमंत्रण’ असं एक ठसठशीत बटण होतं. त्याच्याशेजारी ‘नंतर’ हा शब्द इतका फिकट की तो दिसूच नये अशीच कुणाची तरी इच्छा असावी. अंगठा ठसठशीताकडे गेला. पुढचं सेवेनंच लिहिलं, तिच्या नावानं, तिच्या छायाचित्रासह: ‘तुझ्यावाचून इथे फार रिकामं वाटतं. ये ना…’

फोनमध्ये साठलेल्या प्रत्येक माणसाला ते गेलं. दातांच्या डॉक्टरांना गेलं. संपादकांना गेलं. काकांना गेलं, आणि काकांनी तिला नव्हे, थेट तिच्या आईला फोन लावून पोरीकडे कुणाचं लक्ष आहे की नाही, असं विचारलं. घरमालकीणबाईंनी तर कळवलं की रिकामं वाटत असेल तर त्या संध्याकाळी वर येऊन बसतील, मात्र साडेसातपर्यंतच.

ती कानकोंडी होऊन एकेकाला माफीचे निरोप धाडत राहिली. यंत्राची चूक, यंत्राची चूक, यंत्राची चूक. आणि त्या धांदलीत, निर्मनुष्य पडद्याच्या कोपऱ्यात, एक हिरवा ठिपका उगवला. कुणीतरी खरोखरच आलं होतं.

‘आलो. कुठल्या मजल्यावर अडकलात?’

नाव पाहिलं. तिनं स्वतःच साठवलेलं: लिफ्ट दुरुस्ती.

दोन महिन्यांपूर्वी कचेरीची लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्यांच्या मध्ये थांबली होती, आणि आत ती एकटी होती. वीस मिनिटांनी वरच्या फटीतून उजेडाची एक पट्टी आली, मग एक हात आला, आणि एक आवाज. हात द्या. खाली बघू नका. चेहरा नीट पाहण्याइतकं भान तेव्हा तिला नव्हतं. आठवत होता तो हात — रुंद, कोरडा, घाई नसलेला.

माफीचं वाक्य बोटांवर तयारच होतं. तिनं लिहिलंही: यंत्राची चूक. मग ते शब्द तिनं मागून पुढे एकेक अक्षर पुसले — का, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं — आणि लिहिलं, ‘अडकले नाही. रिकामं वाटत होतं.’

पाठवलं. आणि आपल्याच हाताकडे ती अशी पाहत राहिली, जणू तो कुणी उसना आणून तिच्या मनगटाला जोडला होता.



‘मग बसतो थोडा वेळ,’ त्यानं लिहिलं.

तो बसला. दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्याही. पंधरवडा संपला, तिनं त्या सेवेवर लेख लिहिला, आणि नियमाप्रमाणे पुढच्या सेवेत जाताना, कुणाला नाही पण त्याला, एकट्याला, हातानं निवडून बोलावलं. त्या दुसऱ्या सेवेत दिवसातून एकदा, केव्हाही, घंटा वाजे. दोन मिनिटांत डोळ्यांसमोर असेल त्याचं छायाचित्र पाठवायचं. तो वंगणानं काळे झालेले दोर पाठवी, शाफ्टच्या तळाशी साचलेला अंधार पाठवी. ती थंड झालेला चहा पाठवी, अर्धवट पान पाठवी. आपलं आयुष्य इतकं अस्ताव्यस्त दुसऱ्याला दाखवून आपल्याला लाज कशी वाटत नाही, याचाच तिला धक्का बसे.

तिसरी सेवा नुसत्या आवाजाची होती.

“बिऱ्हाडं फार बदलता तुम्ही,” तो तिथे म्हणाला.

“सामान थोडं आहे ना, म्हणून.”

“थोडं कसलं… दर वेळी मलाही टेम्पोत घालता.”

“उतरायचं असेल तर सांगा.”

“टेम्पो बरा आहे,” तो म्हणाला. तेवढाच तुकडा तिनं किती वेळा ऐकला, हे सेवेकडे नोंदलेलं असेल. तिनं मोजलं नाही.

त्याच आवाजात त्यानं एकदा तिला सांगितलं की रिकामी लिफ्ट ब्रेक सोडला तर खाली कोसळत नाही, वर जाते. दुसऱ्या टोकाला लोखंडाचं वजन लटकलेलं असतं, आणि रिकाम्या केबिनहून ते जड असतं. ती दिवसभर थक्क होती. जिने, रस्ते, बसचे थांबे, सगळीकडे तिला वाटत राहिलं की इतकी वर्षं आपल्याला पडण्याची उगाच भीती दाखवली गेली.

एक गोष्ट मात्र तिनं त्याला सांगितली नव्हती. रोज ठरवी, आज सांगू. पण त्याच्या बोलण्यात ते पहिलं वाक्य अधूनमधून येई — तुम्ही बोलावलंत म्हणून, तुम्ही तेव्हा बोलावलं नसतंत तर — आणि तिचं धैर्य गळून जाई. त्या वाक्यावर आता एक अख्खं घर उभं होतं. पायाची वीट उपसून दाखवणार कोण?

ती वीट सात आठवड्यांनी एका शिंपीणबाईंनी उपसली.

त्या त्याच्या मावशी. त्यांनीच त्याला वाढवलं होतं, दुकानातल्या कापडाच्या ठाणांमध्ये झोपवून, आणि तीस वर्षांत एक मऊ शब्द न बोलता. चाखणारीचा लेख वाचून लोक त्या पहिल्या सेवेत झुंडीनं शिरू लागले होते, त्यांत मावशीही शिरल्या. सकाळी तो शाफ्टमध्ये असताना निरोप आला. तुझ्यावाचून इथे फार रिकामं वाटतं. ये ना…

मावशीचं काहीतरी बरंवाईट होतंय, या समजुतीनं तो हत्यारं तिथेच टाकून धावला. मावशी एका गिऱ्हाइकाची बाही मोजत होत्या. तोंडात टाचण्या धरूनच त्यांनी सांगितलं की बटण दाबलं गेलं असेल, आणि आलाच आहेस तर वरच्या फळीवरचं कापड काढून दे.

हे सगळं त्यानं तिला त्या पहिल्या सेवेतच लिहून कळवलं, न हसता. शेवटी होतं: ‘शब्द तेच होते. तुम्ही त्या दिवशी मला बोलावलंच नव्हतं, हो ना?’

उत्तराच्या जागी सेवेनं तिला तीन तयार पर्याय दिले होते: ‘हो’, ‘हाहा’ आणि एक लाल बदाम. शब्दांवर पोट भरणारी ती बाई अर्धा तास त्या तिघांकडे बघत बसली. तिनं चार वाक्यं लिहिली, चारही पुसली. वर नजर गेली तेव्हा त्याचा ठिपका करडा झाला होता. दुसऱ्या सेवेत गेली. तिथून तो गेला होता. तिसऱ्या सेवेत त्याच्या आवाजाच्या जागी एक सपाट रेघ होती. एखाद्या घरातून माणूस जातो तेव्हा निदान दार वाजतं. इथे काहीच वाजलं नाही. आणि तिला पहिल्यांदा, लख्ख, छातीत लागून कळलं की हा माणूस गेला तर आपण कुठेच राहत नाही.

फोन त्यानं उचलला नाही. तिनं लिफ्टच्या कंपनीत विचारलं. तिथल्या बाईंनी फार चौकशी न करता इमारतीचा पत्ता दिला. नऊ मजले. खाली पाटी होती: दुरुस्ती चालू, जिना वापरावा. पाटीसमोर पिशव्या घेतलेले चारपाच रहिवासी कुरकुरत उभे होते.

ती जिना चढली.

मशीनरूमच्या दारात पोचली तेव्हा तिच्यात फक्त धाप उरली होती. तो पाठमोरा होता. वळला, आणि हातातला पाना तसाच राहिला. चेहरा तिनं आज नीट पाहिला.

“पहिलं वाक्य यंत्राचं होतं,” ती म्हणाली. “दुसरं माझं होतं, पण खोटं. मला लाज वाटली… माफ्या मागून दमले होते. आणि तुम्ही आला होतात. एकटे तुम्हीच आला होतात.”

“आणि बाकीची?”

“बाकीची माझी.”

“कशावरून?”

पुरावा तिच्याजवळ नव्हता. दोघांच्यामध्ये यंत्राचं मोठं चाक होतं, स्तब्ध. तो पाना पुसत, तिच्याकडे न बघता म्हणाला की यंत्राला लिहिता येणार नाही असं एक वाक्य बोलून दाखवा.

तिला वाटलं आता काहीतरी सुंदर सुचायला हवं. इतक्या कविता वाचल्या, त्यांतलं एक अक्षर मदतीला येईना.

“नऊ मजले चढून आले,” ती म्हणाली, “माझे गुडघे लटलटतायत, तुमच्या डाव्या भुवईला ग्रीस लागलंय, आणि तुम्ही आता हसला नाहीत तर मला परत उतरताही यायचं नाही.”

तो हसला नाही. हाताच्या मागच्या बाजूनं उजवी भुवई पुसली — चुकीची — आणि ब्रेकची कळ जागेवर बसवली.

“लिफ्ट झालीये,” एवढंच बोलून तो जिन्याकडे वळला. नवव्या मजल्यावर केबिनचं दार उघडं होतं. त्यानं कोरडेपणानं सांगितलं की दुरुस्तीनंतरची पहिली फेरी दुरुस्त करणाऱ्यानं एकट्यानं करायची असते. चूक राहिली असेल तर तिचा भार दुसऱ्या कुणावर नको. आजवर हा नियम त्यानं मोडलेला नव्हता.

ती आत जाऊन उभी राहिली.

तो उंबऱ्यावर थबकला. नियम पुन्हा सांगेल, बाहेर यायला सांगेल, असं वाटून तिनं मागची दांडी घट्ट धरली. त्यानं तिच्या मुठीकडे पाहिलं, आत आला, आणि दार स्वतःच ओढून घेतलं.

आठ… सात… केबिन इतकी हळू उतरत होती की आकडे विचार करून बदलत असावेत.

“यंत्राचा राग नव्हता मला,” सहाव्यावर तो म्हणाला. “सात आठवडे ते वाक्य मी खिशात घेऊन शाफ्टमध्ये उतरत होतो. कुणाला तरी आपल्यावाचून रिकामं वाटतं, म्हणून जपून पाय टाकत होतो.”

“आता वाटतं,” ती म्हणाली. “आता खरंच वाटतं.”

“हे कुणी लिहिलं?”

“कुणीच नाही. तोंडातून आलं.”

चार. तीन. तिचा हात दांडीवरून केव्हा सुटला आणि त्या रुंद, कोरड्या तळव्यात केव्हा गेला, हे दोघांनाही दोनच्या आकड्यावर कळलं. तिनं वर पाहिलं तर धक्का तिच्याहून त्याला अधिक बसला होता. पान्याला सरावलेल्या त्या हातात आता काय आहे, हे तो डोळे मोठे करून तपासत होता. मग, एवढ्या उशिरा, तो हसला.

तळमजल्यावर दार उघडलं. पिशव्या घेतलेली माणसं एकदम पुढे सरकली, आणि सगळ्यांत पुढच्या आजोबांनी विचारलं की झाली का एकदाची दुरुस्त.

त्यानं आजोबांकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं, आणि मोकळ्या हातानं नवाचं बटण दाबलं.

“झाली,” तो म्हणाला. “पण एक फेरी अजून तपासायचीये, आजोबा.”