आधी काठी, मग आदेमार

गारा पडायला लागल्या आणि अख्खा बाजार आडोशाला पळाला. मी बटाट्यांच्या पोत्यांवरच्या प्लास्टिकखाली घुसले, तर तिथे आधीच एक जण उकिडवा बसलेला. वरच्या आळीतला आदेमार, नुकताच ला पास शहरातून वायरमन होऊन परतलेला.

"टोपी काढ की," तो म्हणाला. "काठ डोळ्यांत जातोय माझ्या."

"मग मिट डोळे."

"मिटले तर... तू दिसणार कशी?"

मेल्याने हसवलंच मला! गारा थांबल्या, तरी आम्ही दोघंही उठलो नाही.

मग दर बाजाराला आम्ही भेटू लागलो. आणि नेमकी त्याच वर्षी कारभाराची पाळी आमच्या घरावर आली. आम्हा डोंगरातल्या आयमार लोकांत गावाचा कारभार वर्षागणिक घरोघर फिरतो, आणि कारभाराची मानाची काठी नवराबायकोच्या जोडीने घ्यायची असते. बाबा गेलेले, घरात मी, म्हणजे वारा, आणि आई. पण मला ती काठी हवीच होती. झऱ्याचं पाणी वरच्या आळीने चोरनळ टाकून आपल्या शेतांत वळवलं होतं. खालच्या आळीतल्या आम्ही बायका डोंगर चढून पाणी वाहत होतो, आणि एकाही कारभाऱ्याला ते दिसत नव्हतं!

सभेत पुरुष बाकांवर, बायका जमिनीवर. मावळते कारभारी दियोनिसियो, गावाचे वडीलधारे ‘ताता’, म्हणाले, "वारा, पोरी, एकटी बाई म्हणजे अर्धं माणूस. पाळी पुढच्या घराला देऊ."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी तोंड उघडणार, तोच आदेमार बाकावरून उठला. "मी करतो हिच्याशी लग्न! आत्ता म्हणाल तर आत्ता!"

पुरुषांनी टाळ्या पिटल्या. ताता खूश. "मग प्रश्नच मिटला. घे, आदेमार, काठी घे."

पाळी माझ्या घराची, आणि काठी त्याच्या हातात?

"खाली बस!" मी ओरडले. "मला विचारलंस का आधी?"

त्याचा चेहरा उतरला. "मी... तुझ्या मदतीला..."

"प्रेम आहे ना? मग प्रेम कर. माझा उद्धार नको करूस!"

मग मी ताताकडे वळले. "तुमची बायको वारली, तेव्हा तुम्ही अर्धे झालात? बहिणीला शेजारी उभं करून वर्ष काढलंत की! माझ्या शेजारी माझी आई उभी राहील."

"दोन बायका? छे! एक तरी पुरुष लागतोच."

"पाणी वाहायला इतकी वर्षं नाही लागला तो!"

सगळ्यांत आधी उठली ती ताताची म्हातारी बहीणच. "हे वर्षभर कारभार मीच केला," ती म्हणाली. "हा नुसता काठी धरून बसायचा."

बायका खदखदून हसल्या आणि एकेक करून उभ्या राहिल्या. जमिनीवर कोणी उरलं नाही. ताताने काठी माझ्या हातात दिली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मी लगेच चोरनळ उखडायला घेतले. त्यातला एक आदेमारच्या बापाचा होता. आदेमार स्वतःच कुदळ घेऊन आला.

"आपलं लग्न झालं असतं, तर हा ठेवला असतास?" त्याने विचारलं.

"सगळ्यांत आधी तोडला असता."

"तुझा राग... अजून आहे?"

"आहे. काठी हातात आहे तोवर पुरेल."

तो गालात हसला आणि खणायला लागला. त्याच्या मानेवरचा घाम बघत मी जरा जास्तच वेळ तिथे थांबले, हे मात्र खरं.

वर्ष सरलं. खालच्या आळीत पाणी आलं होतं. भर सभेत मी काठी पुढच्या घराला दिली आणि सरळ आदेमारच्या बाकासमोर जाऊन उभी राहिले.

"आता विचार."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"गेल्या वेळी सगळ्यांसमोरच सांगितलंस ना? फक्त या वेळी त्यांना नाही, मला विचार."

तो बाकावरून उतरला आणि बायकांच्या गर्दीत, माझ्यासमोर जमिनीवर बसला. कान लालबुंद. "वारा... करशील माझ्याशी लग्न?"

मी हो म्हणायला चांगला वेळ लावला. लावणारच!