यानात कुत्री नसतात

म्हसवडच्या पलीकडच्या माळावर मेंढ्यांना पुरेल इतकं गवत नसतं, पण दूरप्रेषण केंद्राच्या अँटेनेला लागतं तेवढं मोकळं आकाश मात्र भरपूर. त्या अँटेनेच्या पायथ्याशी, थंडगार प्रयोगशाळेत, दिगंबर सबनीस गोळ्यांची डबी उघडत होते.

"खोक्यावर काय छापलंय ते सोडा मंडळी, खोकी खोटं बोलतात," ते कॅमेऱ्याला म्हणाले. "आपण उघडून बघू. ही डबी गोळीची वेळ झाली की हळूच हाक मारते. ऐकलं नाही तर जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा मात्र शाळेच्या शिपायासारखी घंटाच बडवते!"

समोरच्या काचपेटीत थरवाचकाचा निळा प्रकाश डबीवरून सावकाश फिरला. वस्तूचा एकेक थर, एकेक तार, एकेक खिळा तो वाचून काढत होता. ते वाचन अँटेनेतून सुटणार, 'अगस्ती' यानाला गाठणार आणि यानातलं घडणयंत्र त्यावरून तश्शीच डबी बनवणार. मूळ डबी इथं सबनीसांकडेच राहणार. सबनीसांची बडबडही सोबत जाणार. नुसते आराखडे पाठवले तर माणसं कोमेजतात, त्यांना घरचा आवाज लागतो, असं मानसतज्ज्ञांनी सुरुवातीलाच बजावलं होतं.

"काका, तुमची सकाळची गोळी घेतलीत का?" काचेपलीकडून डॉ. नसीमा तांबोळींनी विचारलं. प्रेषणाचं सगळं गणित त्यांच्याकडे असे.

सबनीसांनी घेतली नव्हती. दुसऱ्याला ब्रह्मज्ञान सांगणाऱ्याचं असंच होतं.

चिंचवडच्या दोन खोल्यांत त्यांनी इंटरनेटवर ही वाहिनी सुरू केली, तेव्हा ते मोबाईल, इअरफोन, मिक्सर असलं काहीबाही उघडून दाखवत. प्रेक्षक सुचवत, सबनीस उघडत. लेक शाल्मली कॅमेरा धरायची आणि वडील फार पाल्हाळ लावायला लागले की कॅमेऱ्यामागून जांभई द्यायची. पुढे ती अभियंता झाली आणि चारशे जणांबरोबर 'अगस्ती'वर चढली; यानासाठी वस्तू उघडायला केंद्रानं सबनीसांनाच बोलावलं. यानाचं नाव ठेवणाऱ्यानं पुराण धड वाचलेलं नसावं. अगस्ती दक्षिणेला गेले ते परत आलेच नाहीत. शाल्मलीही परतणार नव्हती, हे ठाऊक असूनच सबनीसांनी तिला निरोप दिला होता. ती कुठेतरी आहे, आपला आवाज ऐकते आहे, एवढ्यावर त्यांचं म्हातारपण चाललं होतं.

यानाचा प्रेषक दुबळा. खासगी पत्रांना त्यावर जागा नव्हती. महिन्याला दोनच गोष्टी यायच्या: कप्तानाचं 'सर्व क्षेम' आणि यानातल्या प्रेक्षकांच्या एकेका ओळीच्या सुचवण्या. यानातले लोक त्यांवर मतं देत आणि पहिली येईल ती वस्तू सबनीस उघडत. महिन्याला एकच, कारण तेवढंच पाठवता येई. सुचवणीखाली नाव लिहायचं नाही, हा नियम खुद्द सबनीसांचा. लेकीचा वशिला लागला असं कुणी म्हणायला नको.

दुसराही नियम त्यांचाच आणि तो फार गाजला होता. आज यानातून निघालेली सुचवणी माळावर पोचायला तीन वर्षं लागत. तिचं उत्तर निघेपर्यंत यान आणखी पुढे गेलेलं असे, त्यामुळे उत्तराला पाठलाग करत यान गाठायला साडेपाच. हा उशीर वाढतच जाणार, म्हणून सबनीसांनी पहिल्याच भागात सांगून टाकलं होतं, "मंडळी, तहान लागल्यावर विहीर खणू नका! आज काय हवं ते सांगूच नका. वस्तू हातात पडेल त्या दिवशी काय लागेल, ते आज सुचवा." यानावर याला 'पोच-गणित' म्हणत. तान्ह्या बाळांच्या आया त्या हिशोबानं सायकली सुचवत.

अलीकडे मात्र सुचवण्या ऐकून सबनीसांची झोप उडाली होती. मोठ्या आकड्यांचा फोन. मग वाचायचा भिंगवाला दिवा. मग गुडघे धरलेल्या माणसाला उठवून उभं करणारी खुर्ची. आता ही गोळ्यांची डबी. प्रत्येक वेळी जवळजवळ सगळ्या यानाची मतं त्या एकाच वस्तूला.

"तिथं सरासरी वय पस्तीस," आरोग्य सल्लागार डॉ. हर्डीकर बैठकीत म्हणाले. "साडेआठ वर्षं मिळवली तरी चव्वेचाळीस. चव्वेचाळिसाव्या वर्षी कोण अशी खुर्ची मागतं?"

"म्हणजे काय होतंय त्यांना?" सबनीसांनी विचारलं.

"वैश्विक किरणांचा मारा असू शकेल. अकाली वार्धक्य. डोळे, गुडघे, विसरभोळेपणा... सगळं जुळतंय."

"पण कप्तान तर सर्व क्षेम कळवतोय," नसीमा म्हणाल्या.

"कप्तान आणखी काय कळवणार? ते जाऊ द्या. पुढच्या खेपेला या वस्तू बंद करून माझी तपासणी-पेटी पाठवा. रोग तरी कळेल."

"कधी कळेल, डॉक्टर?" नसीमांनी फळ्यावर यान काढलं, बाण काढला. "पेटी पोचायला साडेपाच वर्षं. तोवर यान आणखी लांब, तपासणीचा अहवाल इथं यायला आणखी साडेपाचच्या वर. तोपर्यंत तुमचा रुग्ण कुठल्या अवस्थेत असेल? वरातीमागून घोडं."

सबनीस टेबलावर थाप मारून हर्डीकरांवर ओरडले, "त्यांनी मागितलं तेच जाईल. त्यांना काय लागणार ते त्यांच्याइतकं तुम्हाला कळतं का?"

ते ओरडले खरे, पण त्यांच्या डोळ्यांसमोर शाल्मली होती. पांढरे केस, थरथरते हात, अजून पन्नाशीही न आलेली. तिच्या काळजीचा राग त्यांनी हर्डीकरांवर काढला.

पुढच्या महिन्याची सुचवणी नसीमांनी वाचली आणि त्यांना हसूच आलं. "काठी. टेकायला. पडल्यावर शेजाऱ्याला फोन लावणारी. आणि बटण दाबलं की कुत्री पळतील असा आवाज काढणारी. मूठ डाव्या हाताची."

"कुत्री?" हर्डीकर म्हणाले. "यानात कुत्री कुठून आली? ही गंमत आहे. गमतीच्या गठ्ठ्यात टाका."

तो गठ्ठा मोठा होत चालला होता. ज्या सुचवण्यांचा यानात काही उपयोग नाही, त्या सगळ्या त्यात जात. लोकांना घरची आठवण येते, म्हणून ते चेष्टेत असलं काहीतरी लिहितात, असं मानसतज्ज्ञांनी समजावलं होतं. ते सगळ्यांना पटलंही होतं.

"मतं किती आहेत काठीला?" सबनीसांनी विचारलं.

"जवळजवळ सगळ्यांची."

"मग उघडायची. प्रेक्षकानं गंमत केली तर आपणही करावी."

काठी पुण्याहून आली. कॅमेरा सुरू झाला. सबनीसांनी नेहमीप्रमाणे खोक्याला नावं ठेवली, चिकटपट्टीला शिव्या घातल्या आणि काठी बाहेर काढली. मूठ डावीकडे वळवलेली होती. ते डावरे, त्यामुळे ती त्यांच्या हातात अशी बसली की बोलता बोलता ते तिच्यावर रेलले.

"आता कुत्री पळवून बघू," म्हणत त्यांनी बटण दाबलं. बारीक, कानात घुसणारी शीळ उमटली. बाहेर कुंपणापाशी झोपलेलं धनगराचं कुत्रं कळवळून उठलं आणि शेपूट घालून माळावर पळालं.

सबनीस हसले नाहीत.

चिंचवडच्या गल्लीत कोपऱ्यावर सात-आठ कुत्री बसलेली असत. सबनीसांना एकदा एक कुत्रं चावलं होतं, तेव्हापासून त्यांना कुत्र्यांची भारी भीती. ती भीती त्यांनी लाखो प्रेक्षकांपासून लपवली, बायकोपासूनही बरीचशी लपवली. पण शाळेतून परत येताना इवलीशी शाल्मली त्यांचा हात सोडून गुपचूप पलीकडून येई आणि कुत्र्यांच्या बाजूनं चालू लागे. त्यावर ती कधी एक शब्द बोलली नाही. तेही बोलले नाहीत.

"कॅमेरा बंद करा," ते म्हणाले.

नसीमा धावत आत आल्या. "काका, काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"ही काठी माझी आहे." त्यांनी काठी उचलून दाखवली. "फोन माझा, दिवा माझा. खुर्ची, डबी... अहो नसीमाबाई, माझंच वय झालंय. तिथं कुणीही म्हातारं झालेलं नाही. ती माझ्यासाठी मागतेय."

"किती गुणी लेक," नसीमा म्हणाल्या आणि म्हणता म्हणताच थांबल्या. गणिताच्या माणसाला शेवटपर्यंत हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी तो मनातल्या मनात केला आणि सबनीसांना त्यांचा चेहरा उतरताना दिसला.

"सांगा," सबनीस म्हणाले.

"पोच-गणित साडेआठ वर्षांचं आहे, काका. वस्तू हातात पडेल तो दिवस धरायचा, हा तुमचाच नियम. त्यांनी फक्त तीन वर्षं धरली. सुचवणी इथं पोचून तुम्ही खोकं उघडाल, तेवढीच. पुढची साडेपाच त्यांनी..." त्यांनी सबनीसांचा हात घट्ट धरला. "पुढची साडेपाच त्यांनी धरलीच नाहीत. उत्तर घ्यायला तिथं कुणी नसेल, हे तीन वर्षांपूर्वीच त्यांना कळलं होतं."

"कशानं?"

"कोण जाणे. हवा, पाणी, एखादं यंत्र. कळायला मार्ग नाही."

"मग सांगितलं का नाही? सर्व क्षेम काय, सर्व क्षेम!"

"सांगून तुम्ही काय केलं असतंत?"

बरंच काही केलं असतं. रडले असते, मंत्र्यांच्या दारात बसले असते, तपासणी-पेट्या पाठवा म्हणून ओरडले असते. त्यातलं काहीच यानापर्यंत पोचलं नसतं. शाल्मलीला बाप पुरता ठाऊक होता.

मग सबनीसांच्या ध्यानात आलं की मतं तिची एकटीची नव्हती. पहिली येईल तीच वस्तू उघडली जाते, हे यानातल्या प्रत्येकाला माहीत होतं. चारशे माणसांनी आपापली शेवटची मतं एका म्हाताऱ्याच्या काठीला दिली होती. आपापल्या घरची मागणी त्यांनी यादीत खाली, गमतीच्या गठ्ठ्यात जाईल अशी, नुसती लिहून ठेवली होती.

"तो गठ्ठा आणा," ते म्हणाले.

दोघं वाचत बसले. आता एकाही ओळीत गंमत नव्हती. 'वीज गेली तरी हलत राहणारा पाळणा, कारण आमच्याकडे दुपारी वीज जाते.' 'विहिरीवरची मोटर मोबाईलवरून चालू करायचं यंत्र, कारण आईला गुडघ्यांमुळे उतार उतरवत नाही.' 'लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवणारा चष्मा, मास्तरांची नजर आता गेली असेल.' यानात ना विहीर, ना दुपारची वीज जाणं. प्रत्येकानं तीन वर्षांपुरतंच गणित केलं होतं.

आणि एकाही ओळीखाली नाव नव्हतं. वशिला लागू नये म्हणून.

सबनीसांनी कपाळावर हात मारून घेतला. "कुणाची आई? कुठली विहीर? हे माझ्या नियमानं झालं, नसीमाबाई. आता कुणाचं कुणाला नेऊन देणार?"

नसीमांनी ओळी पुन्हा चाळल्या. सबनीसांनी काठीची मूठ चोळली. मग उठले. काठी टेकून उठले.

"मला कुणी नाव सांगितलं होतं?" ते म्हणाले. "मी ओळखलीच ना माझी. कॅमेरा लावा. आज आकाशाकडे नाही, जुन्या वाहिनीवर थेट लावा. चिंचवडवाल्या."

"काका, लोक आपापल्या माणसाबद्दल विचारतील. पहिला प्रश्न तोच."

"विचारणारच."

"मग?"

सबनीस काठी टेकत कॅमेऱ्यासमोर गेले. खुर्चीवर बसले, भिंगवाला दिवा ओढून घेतला आणि गठ्ठा समोर धरला. त्यांची जुनी वाहिनी अजून लाखो लोक बघत, यानाला पाठवलेले भाग शिळे होऊन तिथं लागत म्हणून.

"नमस्कार मंडळी. आज खोकं नाही. यानातल्या तुमच्या माणसांनी काही वस्तू सुचवल्या आहेत. स्वतःसाठी नाही, तुमच्यासाठी. नावं नाहीत, ती चूक माझी. मी वाचतो. आपली असेल ती ओळखा आणि केंद्राला फोन करा." त्यांनी दिवा ओळीवर आणला. "पहिली. विहिरीवरची मोटर मोबाईलवरून चालू करायचं यंत्र. कारण आईला गुडघ्यांमुळे उतार उतरवत नाही."

पुढची ओळ त्यांनी शोधली, तेवढ्यात केंद्राचा फोन वाजला. नसीमांनी उचलला, ऐकलं आणि तोंडावर हात धरला.

"सिन्नरहून एक बाई बोलतायत," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "फार आनंदात आहेत. म्हणतायत, हा माझा संपतच, दुसऱ्या कुणाचे असणार हे शब्द. आणि विचारतायत..."

सबनीसांनी हात पुढे केला. नसीमांनी फोन त्यांच्याकडे दिला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. "सबनीस दादा ना? पोरगं कसं आहे माझं?"