येताना आपापली खुर्ची आणा

जरा डोळे मिटा, आणि एक शिडी डोळ्यांसमोर आणा. लाकडी, जुनी, प्रत्येक पायरीवर वेगळ्या रंगाचे शिंतोडे. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघतेय. शिडीच्या वरच्या टोकाला एक मुलगी उभी आहे. कानांवरून मफलर, हातात ब्रश, आणि समोर चांभाराच्या दुकानाची अर्धवट रंगवलेली पाटी. शिडीच्या खालच्या पायरीवर आठ वर्षांची एक चिमुरडी बसली आहे, शिडी हलू नये म्हणून. दिसली? ती मुंगी. शाळेला सुट्टी लागली की मुंगी आत्याची शिडी धरायची, आणि त्याबद्दल तिला रोज एक गोळी मिळायची.

आत्या दुकानांच्या पाट्या रंगवायची. सगळा रस्ता तिला रंगारीण म्हणायचा, आणि तिला ते आवडायचं.

त्या दिवशी थंडीने तिचा रंग डब्यात मधासारखा घट्ट झाला. अक्षराची वेलांटी ओढायला जावं तर ब्रश अडून बसे. समोरच पावाची भट्टी होती. रंगारीण खाली उतरली, डबा घेऊन सरळ आत गेली आणि म्हणाली, हा डबा घटकाभर भट्टीशेजारी ठेवू द्याल का?

आत एक उंच तरुण कोपरापर्यंत पिठाने माखलेला उभा होता. त्याने डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा डब्याकडे.

"तेलाचा रंग, तोही आगीजवळ? माझं दुकान उडवायला चांभाराने पाठवलंय का तुम्हाला?"

ती ओशाळली. पण ओशाळलेलं दाखवेल तर ती रंगारीण कसली. ती म्हणाली, "दुकान उडालं तर नवी पाटी लागेल. माझंच काम वाढेल."

तो हसला. बादलीत कोमट पाणी आणून त्याने डबा त्यात ठेवला, आणि रंग सैल व्हायची वाट बघत दोघं उभी राहिली. भट्टीचं तोंड उघडं होतं. आत विस्तव नव्हता, पाव नव्हते, पण ऊब मात्र अजून चेहऱ्यावर येत होती… रंगारीण त्या उबेकडे टक लावून बघत राहिली. भट्टीवाल्याला वाटलं, ती आपल्याकडेच बघते आहे. तो उगाच केस सारखे करायला गेला आणि कपाळालाही पीठ लावून बसला.

रंगारीण मात्र नाताळचा विचार करत होती.

त्याचं असं झालं होतं. तिच्या बाबांचा कारखाना उन्हाळ्यात बंद पडला. तेव्हापासून ते घरात पाहुण्यासारखे वागायचे. विचारलं तर बोलायचे, नाहीतर खिडकीशी बसून असायचे. दर वर्षी नाताळचं दुपारचं जेवण त्यांच्याच घरी व्हायचं, कारण भावंडांत ते सर्वांत थोरले. चौदा माणसं जमायची, आणि टेबलाच्या टोकाला बाबा. यंदा धाकटे काका येऊन सांगून गेले की जेवण आमच्या मोठ्या घरी होईल, तुम्हाला आता झेपायचं नाही, अंथरूण पाहून पाय पसरावेत. बाबांनी नुसती मान हलवली. ती हललेली मान रंगारणीला सहन झाली नाही.

"अंथरूण आखूड असेल तर पाय पोटाशी घेऊ, काका," ती म्हणाली होती. "पण निजू आपल्याच घरात. नाताळ इथेच होणार."

म्हणून आदल्या रविवारी स्वयंपाकघरात सभा भरली होती. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आईने यादी लिहिली आणि जे ते एकेक गोष्ट खोडू लागलं. दिव्यांच्या माळा खोडल्या. विकतच्या भेटी खोडल्या. वहिनीने स्वतःची नवी साडी खोडली, तेव्हा दादाने मुकाट्याने आपले बूट खोडले. मुंगीने पेन्सिल मागून घेतली आणि मोठ्या मनाने कोबी खोडला. आईने तो परत लिहिला. शेवटी दादा चाचरत म्हणाला की पाहुणेच थोडे कमी केले तर?

"खर्च हवा तेवढा खोड," रंगारीण म्हणाली. "माणूस एकही नाही."

खुर्च्या मात्र घरात सहाच होत्या. दर वर्षीसारख्या भाड्याने आणायच्या तर कोंबडी खोडावी लागली असती. तेव्हा रंगारणीने पुठ्ठे कापले, प्रत्येकावर छानसा तारा काढला आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं – 'नाताळच्या जेवणाला अगत्य यावे. येताना आपापली खुर्ची आणावी.' आई म्हणाली, अगं, लोक काय म्हणतील? रंगारीण म्हणाली, बसून म्हणतील.

राहिला होता केक. विकतचा परवडणारा नव्हता, आणि घरात नुसती दोन बर्नरची शेगडी, ओव्हन नाही. आणि इथे एक भलीमोठी भट्टी दुपारभर रिकामी, गरम!

तिने भट्टीवाल्यापुढे सौदा ठेवला. तुमची पाटी वाकडी आहे, पावसाने उडालीये, ती मी नवी रंगवते. बदल्यात नाताळपर्यंत दुपारी भट्टीची उरलेली ऊब माझी. फुकट काही नको.

"उरलेली ऊब," तो म्हणाला, जणू पहिल्यांदाच ऐकत होता. मग जरा थांबून – "बरं. घ्या."

पहिला केक विटेसारखा झाला. मुंगीने तो दारावर ठोकून पाहिला, दाराला खोक पडली. दुसरा मधोमध बसला. भट्टीवाल्याने मग दोघींना नीट शिकवलं. भट्टीच्या फरशीवर चिमूटभर पीठ टाकायचं. लगेच काळं पडलं तर थांबायचं. सावकाश दहा मोजेपर्यंत बदामी झालं, की केक आत. पीठ टाकायचं काम मुंगीचं. मोजायचं दोघांनी. आणि काय गंमत, रोज सात-आठच्या आकड्याशी दोघांचं मोजणं चुकायचं. तो सात म्हणून तिच्याकडे बघायचा, ती आठ म्हणायच्या ऐवजी पदराशी… छे, मफलरशी चाळा करायची, आणि मुंगी वैतागून म्हणायची, "करपलं! परत मोजा."

पाटीही पुढे सरकत होती, म्हणजे, जेमतेम. आज अक्षराला सावली द्यावी म्हणे. उद्या ती सावली फारच गडद झाली म्हणे. तो शिडीखाली उभा राहून विचारायचा, ही रेघ कालही इथेच होती ना? ती वरून म्हणायची, पावात लक्ष घाला, भट्टीवाले, रेघ माझी मी बघते. आणि वळून हसायची, भिंतीकडे तोंड करून.

मग एका दुपारी भट्टीवाल्याची आई गल्ल्यावर बसली होती. पाव पिशवीत भरता भरता ती रंगारणीला सहज बोलून गेली. दुपारी सारखं तोंड उघडलं की भट्टी पार निवते. पूर्वी ती रात्रभर कोमट राहायची, पहाटे चार लाकडांत तापायची. आता आठ लागतात. लेक तासभर आधी उठतो बिचारा. पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हो.

रंगारीण होती तिथेच थिजली. जी ऊब ती फुकट जाणारी समजत होती, ती उद्याची होती. आणि तो रोज ती तिला देत होता… काही न सांगता. काकांच्या घरी तिला जे नको होतं, तेच इथे ती इतके दिवस हसत हसत घेत होती.

ती आत गेली. केकचं भांडं तिने फळीवर आपटलं.

"उपकार करायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

तो कणीक मळत होता. त्याला कळलं. त्याने आईच्या दिशेने एक नजर टाकली आणि हात पुसले.

"पाटी रंगवायला किती दिवस लागतात?" त्याने विचारलं.

"विषय बदलू नका."

"विषय तोच आहे. किती?"

"तीन," ती फणकाऱ्याने म्हणाली.

"आणि आज कितवा?"

कोपऱ्यातून मुंगी म्हणाली, "अकरावा."

"मग ते माझ्यावरचे उपकार का?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "तू शिडीवर रोज एक रेघ ओढतेस, पुसतेस, परत ओढतेस… मी एकदा तरी म्हटलं का, की उतर आणि जा?"

'तू' कधी आलं, ते त्यालाही कळलं नव्हतं. कळलं तेव्हा कान लाल झाले.

"लवकर उठलो म्हणून दुपार लवकर येत नाही," तो म्हणाला. "ते कळतं मला. तरी उठतो."

रंगारीण पिठाच्या पोत्यावर बसली. रागवायचं बरंच ठरवून आली होती, पण तो राग आता कुठे ठेवावा ते कळेना.

"फुकट घेणार नाही," ती शेवटी म्हणाली. "नाताळला तू आणि आई आमच्याकडे जेवायला या. चौदाची सोळा होतील."

"येऊ."

"खुर्ची आपापली आणायची आहे."

"खुर्ची कुठली? दुकानात पिठाने माखलेलं स्टूल आहे एक."

"चालेल," ती म्हणाली. "माझ्या शेजारी मावेल."

नाताळच्या दुपारी ती गल्ली बघायला हवी होती. मोठी मावशी वेताची खुर्ची डोक्यावर घेऊन आली, खाली तोंड दिसेना, नुसता हसण्याचा आवाज. मामाने सायकलला मागे खुर्ची बांधली होती आणि मामी मागून ती धरून धावत होती. कोणी घडीची आणली, कोणी तीन पायांची, भिंतीला टेकवून बसू म्हणून. इतकी वर्षं सगळे जमत आले होते, पण दारातच एवढे कधी हसले नव्हते. भट्टीवाला आला तो एका हातात स्टूल, दुसऱ्या हाताने आईला धरून. केक आधीच टेबलावर होता. मधोमध न बसलेला, बदामी, सगळ्या घरात वास. बाबांनी त्या सकाळी कोणी न सांगता ताटं मांडली होती. खिडकीशी ते गेलेच नव्हते.

सर्वांत शेवटी काका. त्यांची खुर्ची गादीची, हातांची, सिंहासनासारखी. ती उचलून जिना चढता चढता त्यांना धाप लागली होती. दारात ती आडवी अडली. तिथूनच त्यांनी आत पाहिलं. पुतणीशेजारी स्टुलावर एक परका तरुण बसलेला. हा कोण, त्यांनी विचारलं. समोरचा भट्टीवाला, कोणीतरी सांगितलं.

"अस्सं," काका म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "केक परवडेना, म्हणून भट्टीवालाच पकडलास होय?"

चमचे थांबले. भट्टीवाल्याच्या आईने मान खाली घातली. भट्टीवाला उठू लागला. रंगारणीने त्याचा हात धरला. टेबलाखाली नाही, टेबलावर, सगळ्यांसमोर.

"हो, काका," ती म्हणाली. "पकडलाय. आणि आता सोडणार नाही."

आधी मामी हसली. मग मावशी. मग सगळं टेबल. भट्टीवाला हसला नाही. तो तिच्या हाताकडे बघत होता, बोटांवर अजून निळा रंग होता. त्याने आपला दुसरा हात त्यावर ठेवला, आणि पुन्हा खाली बसला.

काकांचा चेहरा मात्र उतरला. इथे मान राहत नसेल तर मी निघतो, असं म्हणत त्यांनी खुर्ची उचलायला हात घातला. आता कोणीच हसेना. सगळ्यांच्या नजरा टेबलाच्या टोकाकडे गेल्या. उन्हाळ्यापासून ज्या एका गोष्टीसाठी रंगारीण झगडत होती, ती आता बाबांच्या हातात होती. त्यांनी परत मान हलवली, तर केकही फुकट आणि खुर्च्याही.

बाबा उठून उभे राहिले.

"ठेव ती खाली," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण जुना होता, कारखान्यात शंभर माणसांना ऐकू जायचा तो. "घर माझं आहे. जावई कोण, हे माझी मुलगी ठरवेल. तुझं ताट मी माझ्या हाताने मांडलंय. बस."

काकांनी खुर्ची खाली ठेवली. उंबऱ्यातच, अर्धी आत, अर्धी बाहेर. आत यावं तर कमीपणा, बाहेर जावं तर कोंबडीचा वास. ते तिथेच उभे राहिले.

तेव्हा मुंगी आपल्या जागेवरून उठली. टेबलाखालून वाकून दाराशी गेली, त्या गादीच्या खुर्चीवर चढली, फ्रॉक नीट पसरून बसली आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"धाकटे आजोबा," ती म्हणाली, "मला खुर्चीसकट आत न्या."