टोपलीतली अर्धी अळंबी

"पाचला सही झाली की सासूबाईंचं रानात जाणं कायमचं बंद!"

दारातल्या बाईला धाप लागली होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं, आग होती. "चाळीस वर्षं अळंब्या देतात. कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. आणि आज म्हणे विष विकलं!"

खासगी तपासाची कामं घेणाऱ्या वहिनींनी चष्मा पुसला. सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणे, कारण त्यांचे दीर, निवृत्त पोस्टमन भाऊजी, सतत बरोबर असत आणि खणखणीत आवाजात तशी हाक मारत.

"भाऊजी, किती वाजले?"

"चारला दहा कमी."

"चला मग. चहा परत आल्यावर."

हकीकत थोडक्यात अशी. खाणावळीत दुपारच्या जेवणानंतर पाच पाहुण्यांना उलट्या झाल्या. जेवणात अळंबीचं सूप होतं. अळंब्या या बाईच्या सासूबाईंनी, सगळ्या गावाच्या आजींनी, सकाळी सहाला दिलेल्या. आरोग्य अधिकाऱ्याने त्यांची रिकामी टोपली तपासली, तर तळच्या पानांखाली विषारी अळंबीची एक फोड निघाली. आजींना अळंब्या वेचायला आणि विकायला बंदी करणाऱ्या कागदावर तो पाचला सही करणार होता.

खाणावळीच्या बोळात आजी स्टुलावर बसल्या होत्या. ओठांवर देवाचं नाव. इतका वेळ बसलेल्या म्हाताऱ्या बाईला कुणी साधं पाणी विचारलं नव्हतं! वहिनींनी आधी पाणी मागवलं, मग प्रश्न.

"आजी, चूक झाली असेल का हो? नजर कमी झालीय म्हणतात."

"नजर कमी झाली, बोटं नाही झाली. पण आधी सांग बाई, त्या पाचजणांना बरं आहे का?"

"बरं आहे," वहिनी म्हणाल्या. दिवसभरात हे विचारणारं माणूस हेच पहिलं. "अळंबी तुम्ही कशी देता?"

"बुंध्यासकट, मातीसकट. कापलेली देणं म्हणजे झाकून देणं. घेणाऱ्याला सगळं दिसायला हवं."

स्वयंपाकघरात आचारी भांडी घासत होता, मान खाली घालून. फ्रीजचं दार उघडंच होतं, आत दिवा नव्हता.

"टोपली कोण घेतं?"

"मी. मागच्या दारात. तिथंच प्रत्येक अळंबी उभी चिरतो, कीड बघायला. फोडी ट्रेमध्ये, टोपली कोपऱ्यात."

"मालक कधी येतात?"

"नऊ वाजता. ट्रे बघतात, मला दोन शिव्या देतात, जातात."

"पाचही जणांनी सूप घेतलं?"

"चौघांनी. पाच नंबरच्या टेबलावरच्या बाई अळंबीला शिवत नाहीत. त्यांनी नुसता पाव आणि कस्टर्ड. कस्टर्ड मात्र पाचांनीही घेतलं." आचाऱ्याने ओठ चावला. "मालक म्हणाले ते वाढलं, वहिनी. आमचं काय चालतं?"

मालक गल्ल्यावर होते. "अहो, आंधळी झालीय म्हातारी! रोज अशाच फोडी आणते. अर्धी अळंबी ओळखायची कुणी? दया करत राहिलो, हीच माझी चूक."

दया! भाऊजींच्या मुठी वळल्या. वहिनींनी त्यांना हलकेच दिवाणखान्यात ढकललं.

तिथे रानप्रेमी मंडळाचं प्रदर्शन सकाळी दहापासून मांडलं होतं. छत्रीखाली पात्यांऐवजी स्पंज असतो त्या जातीच्या अळंब्या. प्रत्येक उभी कापलेली, दोन्ही फोडी एका कागदावर, शेजारी टिपण.

"यातलं निम्मं आजींनी शिकवलंय मला," मंडळाचे चिटणीस खिन्नपणे म्हणाले. "अळंबी हातात घेऊन बुंधा हुंगायला लावायच्या. अख्खीच आणायच्या नेहमी."

"शिकवलं, पण काम अर्धवट," भाऊजी पुटपुटले. "सात नंबरच्या कागदावर एकच फोड!"

वहिनी थबकल्या. टिपणात लिहिलं होतं: 'स्पंज लाल. कापताच गर निळा. खाऊ नये.'

"भाऊजी, तुमच्या तोंडात साखर पडो."

पाचला सात मिनिटं कमी असताना सगळे त्या टेबलाभोवती जमले. अधिकाऱ्याच्या हातात पेन तयार.

"साहेब, टोपलीतली फोड द्या."

वहिनींनी ती सात नंबरच्या कागदावर ठेवून हलकेच सरकवली. छत्रीच्या कडेला गोगलगायीने खाल्लेली खाच, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. दोन्ही जुळून गोल झाली.

"दहाला मांडलेली अळंबी सहाच्या टोपलीत कशी असेल? ती नंतर ठेवली. कुणी? आचाऱ्याने ठेवली असती, तर अख्खी ठेवली असती. अख्ख्या येतात हे तो रोज बघतो. चिटणीसांनाही ते ठाऊक. अळंब्या चिरलेल्याच येतात असं इथे एकाच माणसाला वाटतं. जो नऊला येतो आणि फक्त ट्रे बघतो."

"मी कशाला ठेवीन?" मालक ओरडले.

"कारण पाच नंबरच्या बाईंनी सूप घेतलंच नव्हतं. आजारी पडलेल्या पाचांनीही खाल्लं ते कस्टर्ड. आणि फ्रीज बंद."

"परवाचं होतं!" आचारी फुटला. "फ्रीज काल सकाळीच गेला. मी टाकायला निघालो, यांनी हात धरला!"

"पाहुण्यांना नासकं वाढलंत, ते पाप," वहिनी मालकांकडे वळल्या. "पण ते झाकायला एक गरीब म्हातारी शोधलीत? जी तुमच्याच पाहुण्यांची चौकशी करत बोळात उपाशी बसलीय? देवाच्या दारात यातलं कुठलं आधी वाचतील, मालक?"

अधिकाऱ्याने कागद फाडला आणि दुसरा घेतला. त्यावर खाणावळीचं नाव आलं.

आचारी बोळात धावला. "आजी, उद्या याल ना? मागचं दार उघडं ठेवतो."

आजींनी टोपली उचलली, तळची पानं झटकली.

"ही खाणावळ पुन्हा उघडेल तेव्हा येईन. पण मागच्या दारानं नाही. पुढच्या. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."