स्वर्भानूचे वाचक

सभागृहातल्या खुर्च्या भरल्या, तेव्हा वाचनालयाच्या लोकांनी मागे सतरंज्या अंथरल्या. सांगलीतल्या त्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी 'वाचक बोलतात' हा कार्यक्रम व्हायचा. एरवी त्याला मोजकीच माणसं यायची. त्या दिवशी मात्र चर्चा श्रीनिवास आरवाडे यांच्या 'स्वर्भानूचं रक्त' या कादंबरीवर होती आणि दारात चपलांचा ढीग लागला होता.

आरवाडे सर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ही त्यांची पहिलीच कादंबरी. स्वर्भानू हे राहूचं जुनं नाव. देवांच्या पंक्तीत वेष बदलून बसलेला आणि अमृताचा घोट घेऊन गेलेला असुर. सरांच्या कादंबरीत त्याचे वंशज आजही आपल्यात राहतात. ते दिसतात आपल्यासारखेच, पण त्यांचं रक्त वेगळं असतं. एक तरुण महिला अधिकारी त्यांच्या मागावर निघते आणि लोणारच्या सरोवरापासून हिमालयापर्यंत पाठलाग, स्फोट, हाणामाऱ्या चालतात.

"पाठलाग जबरदस्त आहेत," पहिल्या रांगेतली कॉलेजची मुलगी म्हणाली. "लोणारचा तर मी दोनदा वाचला. पण ती अधिकारी सारखी स्वतःशीच बोलते, ते नको होतं."

एक निवृत्त इंजिनिअर उठले. "मधली पानं नुसती विज्ञानाची आहेत. थोडी कापायला हवी होती. आणि मला एक सांगा, त्यातलं खरं किती?"

"रक्तगट खरा आहे," सर म्हणाले. "बॉम्बे रक्तगट. तुमच्या-माझ्या लाल पेशींवर एच नावाचा साखरेचा एक अंश असतो. ए, बी, ओ, कुठलाही गट असो, तो असतोच. या लोकांत तो नसतो. साध्या तपासणीत त्यांचा गट ओ दिसतो, पण ओ रक्त चढवलं तर त्यांचं शरीर ते परकं समजून फोडून टाकतं. त्यांना फक्त त्यांच्याच गटाचं रक्त चालतं. एवढं खरं. बाकी सगळं माझ्या डोक्यातलं."

लोक हसले. तेवढ्यात मधल्या रांगेतून चाळिशीच्या एक बाई उभ्या राहिल्या. अंगावर आकाशी साडी, खांद्याला कापडी पिशवी.

"मी अनुराधा खोत. प्राथमिक शाळेत शिकवते. मी आहे स्वर्भानू."

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या.

"कॉलेजात असताना रक्तदानाला गेले तेव्हा कळलं," खोतबाई सांगू लागल्या. "तेव्हापासून बोलावतील तिथं रक्त द्यायला जाते. बेळगाव, पुणे, एकदा तर गोव्याला. आमच्यासारख्यांवर कुणी काही लिहीत नाही, म्हणून मला पुस्तक आवडलं. फक्त शेवटी तुम्ही आम्हाला एकजात मारून टाकलंत, ते जरा जास्त झालं."

त्यावर सगळ्यांत मोठ्यांदा हसले ते आरवाडे सर. कार्यक्रम संपल्यावर बाईंसोबत फोटो काढायला रांग लागली.

आदल्या वर्षी बाजारात वंशपट्टी आली होती. आइस्क्रीमच्या काडीएवढी कागदी पट्टी जिभेवर धरायची आणि फोनला जोडलेल्या लहानशा डबीत सरकवायची. लाळेतल्या पेशींमधली जनुकं वाचून फोन सांगायचा, मधुमेह होण्याची शक्यता किती, टक्कल पडेल का, दूध पचेल का. औषधाच्या दुकानात ती थर्मामीटरशेजारी टांगलेली असे. ज्या ॲपवर वाचक पुस्तकांवर मतं लिहायचे, त्या ॲपनं कादंबरी गाजल्यावर एक खेळ काढला. पट्टीचा निकाल त्यात टाकला की ॲप सांगे, 'तुम्ही मानव आहात' किंवा 'तुम्ही स्वर्भानू आहात'. प्रकाशकांनी सरांना विचारलं होतं आणि सर हो म्हणाले होते. गंमत आहे, होऊ दे, असं त्यांना वाटलं.

सुरुवातीची मतं तशीच होती. 'एका बैठकीत संपवली. मानव निघालो, थोडी निराशा झाली.' 'शेवट घाईत गुंडाळलाय.' 'मुलाला वाचायची सवय नव्हती, त्यानं दोन दिवसांत वाचली, धन्यवाद.' सर रोज चहा पिताना ती वाचायचे, आणि काही बायकोला वाचून दाखवायचे.

दिवाळीनंतर मतांचा सूर बदलला. 'आमच्या सोसायटीत एक सापडला. आधीच संशय होता.' 'लेखकाला हे कुठून कळलं असेल, विचार करा.' 'कादंबरी म्हणून छापलं, कारण खरं म्हणून छापू दिलं नसतं.' कुणी म्हणालं, लग्न ठरवताना पत्रिकेबरोबर पट्टीही बघा. त्या मताखाली शेकडो लोकांनी 'उपयुक्त' म्हणून खूण केली होती.

सरांनी ॲपवर निवेदन टाकलं. हा एक दुर्मीळ रक्तगट आहे, आई आणि वडील दोघांकडून तेच जनुक आलं तर तो होतो, त्याचा स्वभावाशी, धर्माशी, पुराणाशी काहीही संबंध नाही, ही गोष्ट मी रचली आहे. त्याखालचं पहिलंच उत्तर होतं, 'सरांवर दबाव आलेला दिसतो.' दुसरं होतं, 'काळजी करू नका सर, आम्हाला समजलं.'

खेळ बंद करा, असं त्यांनी प्रकाशकांना कळवलं. खेळ बंद झाला. पण आठवड्याभरात दुसऱ्या कुणीतरी तसाच खेळ काढला, आणि त्यात नाव-गाव टाकायचीही सोय होती.

खोतबाईंचा वाचनालयातला फोटो तिथं पोहोचायला वेळ लागला नाही. त्यांच्या वर्गातल्या काही मुलांच्या पालकांनी तुकडी बदलून मागितली. मुख्याध्यापकांनी बाईंना काही दिवस कार्यालयात बसायला सांगितलं. सरांना हे कळलं तेव्हा ते त्यांच्या घरी गेले. बाईंनी त्यांना चहा दिला आणि त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? लोक विसरतील." पण बोलताना त्यांनी दाराला आतून कडी घातली होती.

फेब्रुवारीत एका सकाळी सरांना डॉ. शबाना मुजावर यांचा फोन आला. एकेकाळी त्या सरांच्या विद्यार्थिनी होत्या. आता मिरजेच्या एका रुग्णालयातली रक्तपेढी सांभाळत होत्या.

"सर, इथं एक बाळंतीण आहे. केतकी मगदूम. काल मुलगी झाली, तेव्हापासून रक्तस्राव थांबलेला नाही. कागदावर गट ओ आहे, पण ओची एकही पिशवी जुळत नाही. बॉम्बे आहे."

"मग दाते बोलवा."

"बोलावतेय ना. पूर्वी एक फोन केला की चारजण निघायचे. आज काहींचे फोन बंद आहेत, काही म्हणतात आमचं नाव काढून टाका. एकानं तर रडत सांगितलं, मुलीचं लग्न ठरलंय, मला फोन करू नका. फक्त खोतबाई आल्यात. बेळगावचे एक गृहस्थ निघालेत."

"मग अडचण काय आहे?"

"नवरा रक्त घेऊ देत नाही. तुमचं पुस्तक वाचलंय त्यानं. तुम्ही या."

सर पोहोचले तेव्हा अतिदक्षता विभागाच्या दारात पाच-सहा नातेवाईक उभे होते आणि परिचारिकांना आत सोडत नव्हते. खोतबाई रक्त देऊन बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती, आणि लोक भिंतीला टेकून उभे होते.

केतकीचा नवरा तेजस, तिशीचा, कुपवाडच्या एका कारखान्यात सुपरवायझर. सरांना पाहताच त्यानं वाकून नमस्कार केला.

"सर, तुम्हीच सांगा यांना. हे त्या बाईचं रक्त चढवायला निघालेत."

"तेजस, ते चढवू द्या. दुसरं रक्त तिला चालणार नाही. तिचा गट तोच आहे."

"नाही. तिचा ओ आहे. फाइल बघा."

"वरवरच्या तपासणीत ओ दिसतो. पुस्तकातच लिहिलंय ना मी ते?"

हे बोलून गेल्यावर सरांना चूक कळली. तेजसचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे केतकी?" तो म्हणाला. "मी घरातल्या सगळ्यांची पट्टी केली, सर. ती नको म्हणाली होती. म्हणाली, पोटुशी आहे, मला ते कडू वास येणारं तोंडात नको. मी म्हटलं, जाऊ दे." त्यानं काचेपलीकडच्या पलंगाकडे पाहिलं. "तिला माहीत होतं?"

"तिला काहीच माहीत नव्हतं. माहीत असण्यासारखं काही नाहीच. हा फक्त रक्तगट आहे. राहू, त्याचा वंश, अमृत, ते सगळं मी माझ्या टेबलाशी बसून रचलंय."

"मग लोकांत सापडतं कसं?"

"रक्तगट आधीपासून होता. मी त्याला गोष्ट चिकटवली."

"म्हणजे आहे ना," तेजस म्हणाला.

सर बोलत राहिले. जनुक म्हणजे काय, ते कसं येतं, हजारो माणसांत एखादाच असा का निघतो. वर्षानुवर्षं त्यांनी हे फळ्यावर शिकवलं होतं. तेजस ऐकत होता, मानही हलवत होता, आणि प्रत्येक वाक्यातून स्वतःला हवं तेवढंच घेत होता. त्याच्या चुलतभावानं फोन पुढे केला. "सर, इतक्या लोकांनी लिहिलंय. एवढी माणसं खोटं बोलतील?"

डॉ. मुजावर यांनी सांगून पाहिलं की जीव धोक्यात असताना त्या संमतीशिवायही रक्त देऊ शकतात. त्यावर दारातली माणसं आणखी घट्ट उभी राहिली. पोलिसांना बोलावलं गेलं. ते आले, पण घरगुती मामला आहे, आधी बोलून घ्या, म्हणाले. दुपार कलली. काचेपलीकडे बेशुद्ध पडलेल्या केतकीचे ओठ कागदासारखे दिसत होते.

शेवटी उठली ती तेजसची आई. ती सकाळपासून बाळाला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली होती. तिनं बाळ परिचारिकेकडे दिलं आणि दारापाशी आली.

"बाजूला व्हा," ती नातेवाइकांना म्हणाली. "डॉक्टर, काय द्यायचं ते द्या. सही कुठं करू?"

"आक्का, तुला कळत नाही," तेजस म्हणाला.

"नसंल कळत. पोरगी मरायला लागलीय एवढं दिसतंय मला."

लोक बाजूला झाले. खोतबाईंचं रक्त केतकीला चढू लागलं. नाडी थोडी सावरली आणि डॉ. मुजावर पहिल्यांदा खुर्चीत टेकल्या. पण एक पिशवी पुरेशी नव्हती आणि दिवसभर फार रक्त गेलं होतं. बेळगावचे गृहस्थ धापा टाकत जिना चढून आले, तेव्हा केतकी जाऊन थोडाच वेळ झाला होता.

काही दिवसांनी तेजसचं मत ॲपवर आलं. आधी त्यानं पुस्तकाला पाच तारे दिले होते. ते तसेच ठेवून खाली लिहिलं होतं, 'यातलं माझ्या घरात घडलं. सांगलीच्या एका बाईचं रक्त माझ्या बायकोला चढवलं आणि तासाभरात ती गेली. लेखक स्वतः तिथं हजर होते. वाचा आणि सावध व्हा.' खोतबाईंचं नाव त्यानं लिहिलं नव्हतं. ते इतरांनी खाली लिहिलं.

सरांनी उत्तर दिलं, तपशीलवार, वेळेच्या नोंदींसकट. डॉ. मुजावर यांनीही दिलं. तेजसचं मत लाखभर लोकांना उपयुक्त वाटलं, सरांचं उत्तर काही शेकड्यांना. सरांनी पुस्तक मागे घ्यायला सांगितलं. प्रकाशकांनी घेतलंही. त्यानंतर जुन्या प्रती चढ्या भावानं विकल्या जाऊ लागल्या, कारण दडपलेलं पुस्तक खरंच असणार. दुसऱ्या लेखकांनी त्याच कल्पनेवर कादंबऱ्या लिहायला घेतल्या होत्या. एकीची जाहिरात सरांच्याच फोनवर आली. तिच्यात सरांचं नाव 'मूळ संशोधक' म्हणून दिलं होतं.

सरांनी मतं वाचायचं सोडलं. टेबलावरचा संगणक कपाटात गेला. बायको म्हणायची, बाहेर पडा, लोकांत जा. ते बाहेर पडायचे, पण वाचनालयाचा रस्ता टाळायचे.

जूनमध्ये एका सकाळी खोतबाईंचा फोन आला. मागे गाड्यांचा आवाज होता.

"सर, मी बसस्थानकावर आहे. डॉ. मुजावर यांचा फोन आला होता. सोलापूरला एक मुलगी आहे, नववीतली. अपघात झालाय, ऑपरेशन करायचंय. आमच्याच गटाची. दुसरं कुणी मिळत नाही."

"तब्येत बरी आहे ना तुमची? मागचं रक्त देऊन पुरेसे दिवस झालेत?"

"झालेत. त्याचं काही नाही." त्या म्हणाल्या. "मुलीचे वडील म्हणतात, देणारी कोण आहे ते कळल्याशिवाय सही करणार नाही. सांगलीची ती बाई असेल तर नको, असं त्यांनी आधीच सांगितलंय. तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं आहे, दुसरं नाव सांगू, गाव वेगळं सांगू, तुम्ही तोंडाला रुमाल बांधून मागच्या दारानं या."

पलीकडे कंडक्टर सोलापूर, सोलापूर असं ओरडत होता.

"इतकी वर्षं रक्त दिलं, सर, पण नाव कधी लपवलं नाही. खरं नाव सांगितलं तर ती पोरगी जाईल. खोटं सांगून गेले आणि उद्या ते उघडं पडलं, तर लोक म्हणतील, बघा, पुस्तकात लिहिलंय तशीच निघाली, वेष बदलून आली. तुम्ही लिहिलंत हे सगळं, म्हणून तुम्हालाच विचारते. कुठल्या नावानं जाऊ मी?"