वीतभर अंतर

शनिवारी सकाळी सहाला पद्मिनी जर्सी सिटीतल्या अपार्टमेंटमधून बाहेर पडली, तेव्हा सीमा अजून झोपलेलीच होती. त्या दिवशी निघणं पद्मिनीच्या अगदी जिवावर आलं होतं. आदल्या संध्याकाळी सीमाने तिच्या हातून पहिल्यांदा एक घास खाल्ला होता. एकच, साध्या वरणभाताचा, पण खाल्ला होता.

आता यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. तर सीमा दोन वर्षांची असताना पद्मिनीने तिला मिरजेला आजीकडे ठेवलं. पीएचडी चालू होती, नवऱ्याची, गुरुदत्तची, नोकरी नवी होती, आणि इथल्या पुष्कळ जणांनी तेव्हा तेच केलं. वर्षभराचाच तर प्रश्न, म्हणता म्हणता चार वर्षं उलटली. १९८४च्या ऑगस्टमध्ये एअरहोस्टेसचा हात धरून एक सहा वर्षांची मुलगी विमानतळाबाहेर आली आणि आईकडे बघून म्हणाली, "तुम्हीच का पद्मिनी?" ते 'तुम्ही' ऑक्टोबर आला तरी सुटलं नव्हतं. पोरगी गुरुदत्तच्या मांडीवर बसायची, त्याच्याशी दंगा करायची. आईशी मात्र पाहुण्यांशी वागावं तशी शहाण्यासारखी वागायची.

पद्मिनी आनुवंशिक आजारांवर काम करायची. पेनसिल्व्हेनियातले आमिश, म्हणजे वीज-मोटारी न वापरणारे एका जुन्या ख्रिस्ती पंथाचे लोक, पिढ्यानपिढ्या आपापसातच लग्नं करतात, आणि त्यांच्याकडे आजोबा-पणजोबांची नावं तोंडपाठ असतात. लॅबला असलीच घराणी हवी होती. लॅबमधली मार्था मूळची तिकडची. तिची आई तरुणपणीच, पंथाची दीक्षा घेण्याआधी, घर सोडून न्यूयॉर्कला आली होती. त्यामुळे मार्थाला मामाच्या घरी जायला-यायला आडकाठी नव्हती. गाडी पद्मिनी चालवायची, मार्था रस्ता सांगायची.

लँकेस्टर काउंटीत शिरल्यावर विजेच्या तारा घरांपर्यंत न जाता रस्त्याकडेनेच पुढे निघून जात. शेतातून मक्याची तोडणी चालली होती, खेचरांची जोडी गाडा ओढत होती. मामाचं घर पांढरं, खिडक्यांना हिरव्या पट्ट्या, भिंतीवर एकही फोटो नाही. मामी, म्हणजे बार्बरा, दारातच भेटली. तिने पद्मिनीचे दोन्ही हात हातात घेतले, संमतीचे कागद तिच्या हातून घेतले, आणि जेवल्याशिवाय मी एकही नाव सांगणार नाही, असा दम भरला.

जेवायला घरची दहा माणसं. लांबलचक टेबलावर एकच पांढरी चादर पसरलेली. पद्मिनी कडेला बसली आणि तिचा गुडघा कशाला तरी लागला. तिने चादर जराशी उचलून बघितलं. टेबल एक नव्हतं, दोन होती. मोठं टेबल संपत होतं, मग वीतभर फट, आणि पुढे एक लहान टेबल. वरून चादर सलग असल्याने ते कुणाला दिसत नव्हतं.

लहान टेबलाशी एक म्हातारी एकटीच बसली होती. तिच्याशी सगळे नीट बोलत होते. तिला मीठ हवंय का, हेही विचारत होते. पण पावाची टोपली तिच्याकडे गेली तेव्हा ती कुणी हातात दिली नाही, तिच्यासमोर ठेवली. आणि टोपली परत करताना म्हातारीने ती टेबलावर ठेवली, हात मागे घेतला, आणि ती उठून दोन पावलं मागे सरकून उभी राहिली. मग बार्बराने टोपली उचलली. सगळं इतकं सवयीचं, की कुणाचं बोलणंसुद्धा तुटलं नाही.

"ही सालोमी, आईची मावशी," भांडी आवरताना मार्था हळूच म्हणाली. "दीक्षा घेतल्यावर पंथाचा कसलातरी नियम मोडला तिने. एकतीस वर्षं झाली. तिला घरात ठेवतात, जेवू घालतात, आजारपण काढतात. फक्त तिच्या हातून काही घ्यायचं नाही."

"म्हणजे वाळीत," पद्मिनी मराठीतच पुटपुटली, आणि मग इंग्रजीत विचारलं, "काय मोडलं होतं?"

"आता कुणाला आठवतंय?"

पद्मिनी ओसरीवर येऊन बसली. तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिच्या माहेरी, कराडला, मागच्या दारी कोनाड्यात कान तुटलेला एक कप असायचा. झाडलोट करायला येणाऱ्या हौसाबाईंचा. चहा वरून ओतायचा, कपाला हात लावायचा नाही. आठ वर्षांची पद्मिनी रोज तसाच ओतायची. नकळत का होईना, ओतायची. त्याची लाज तिला पुढे कळायला लागल्यावर वाटली, आणि आपण पुन्हा म्हणून असं करायचं नाही, हे तिने स्वतःला बजावलं होतं.

पडवीचं दार वाजलं. सालोमी पुदिन्याच्या गार चहाचा ग्लास घेऊन आली होती. ग्लास ठेवायला शेजारीच स्टूल होतं. तिने तो ठेवला नाही. पद्मिनीसमोर धरला, आणि थांबली.

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद झाला.

पद्मिनीने हात पुढे करून ग्लास घेतला. म्हातारीची बोटं गार आणि ओली होती, आणि ती लगेच सुटली नाहीत. मग सुटली. "आभारी आहे, पोरी," सालोमी म्हणाली. देणारीनेच का आभार मानावेत, हा विचार पद्मिनीच्या मनात आला, पण चहा छान होता, आणि ती सगळा प्यायली.

निघताना तिने बेसनाच्या लाडवांचा डबा बार्बरापुढे केला. बार्बरा हसली, अगदी मनापासून, आणि म्हणाली, "तिथे कठड्यावर ठेव हं." तिच्या मागे सालोमी उभी होती. बार्बराने वळून तिच्या हातून भांडी पुसायचा पंचा घेतला आणि खांद्यावर टाकला.

परतीच्या वाटेवर मार्था उतरली तेव्हा पद्मिनीने तिची पर्स तिच्यापुढे धरली. मार्था म्हणाली, "सीटवर ठेव, घेते मी." घरी गुरुदत्तसाठी चहा केला. त्याने पेपरमधून मान वर न काढता टेबलावर बोट टेकवलं. पद्मिनी कप तसाच धरून उभी राहिली. मिनिटभर. तो मजेत पेपर वाचत होता.

"अरे, घे ना."

"ठेव ना यार, घेतो."

एकदा झालं तर योगायोग. पण पद्मिनी शास्त्रज्ञ होती, तिने वहीत दोन रकाने आखले. अकरा दिवस, चोवीस वेळा. गुरुदत्त, मार्था, लॅबमधला चिनी पोस्टडॉक, शेजारच्या सुलभाकाकू, लायब्ररीतली बाई. पेन, पुस्तक, किल्ली, हळदीकुंकवाची पुडी. घेणाऱ्यांचा रकाना कोरा राहिला. आणि वाईट म्हणजे कुणी तोंड वाकडं करत नव्हतं. तिने गुरुदत्तला सरळ विचारलं तेव्हा तो गोंधळला.

"मी? कधी? पद्मिनी, तू झोपत नाहीयेस नीट. लँकेस्टरची पुढची ट्रिप कॅन्सल कर."

सीमावर मात्र तिने प्रयोग केला नाही. तिची छातीच झाली नाही. पोरीने आत्ता कुठे एक घास घेतला होता. तिनेही नाही घेतला तर? म्हणून ती सीमाचं ताट टेबलावर ठेवायची आणि ओट्याशी जाऊन उभी राहायची. चौथ्या-पाचव्या दिवशी सीमाने खाता खाता विचारलं, "आई, तू बाजूला बसलीयेस का? मिरजेला काकू बसते तशी?"

ती 'तू' म्हणाली होती. पद्मिनीला आनंद व्हायला हवा होता. तिला रडू आलं.

नोव्हेंबरात ती पुन्हा गेली. लॅबचं काम उरलं होतं, असं तिने सांगितलं. कुठेतरी सुरू झालंय तर तिथेच त्याचं काहीतरी करता येईल, हे तिने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. लांब टेबलाच्या मधोमध सालोमी बसली होती. ती वाढत होती, तिच्या हातून वाडगे घेतले जात होते. घरातली एक लहान पोर तिच्या मांडीवर होती, तिच्याच हातून ॲपल पाय खात होती.

"त्यांना परत घेतलं?" पद्मिनीने मार्थाला विचारलं.

"कुणाला?"

"सालोमीला. वाळीतून."

मार्था तिच्याकडे बघत राहिली. "सालोमी मावशीला वाळीत? काहीतरीच काय. तुला कुणी सांगितलं?"

मग बार्बराने पद्मिनीला तिची जागा दाखवली. कडेची. चादर सलग होती, पांढरी, कडक इस्त्रीची. पद्मिनीने ती उचलून बघितली नाही. पाय लांबवल्यावर वीतभर जागेतून थंडगार वारा पोटऱ्यांना लागत होता.

तिला गाडीपर्यंत पोचवायला सालोमी एकटीच आली. अंगणातल्या चिखलावर बर्फाची साय धरली होती. पद्मिनीला संताप आला होता आणि भीतीही वाटत होती.

"तुम्ही काय केलंत?" तिने एवढंच विचारलं.

"मी काही केलं नाही. तू हात पुढे केलास," सालोमी म्हणाली. तिच्या आवाजात दुष्टावा नव्हता, दमणूक होती. "एकतीस वर्षं कुणी केला नव्हता. मोठी माणसं करत नाहीत. लहान पोरं करतात, पण घरची पोरं माझ्यापासून लांब ठेवत, आणि मला स्वतःचं मूल नव्हतं." मग तिने पद्मिनीला विचारलं, "तुला आहे ना?"

जर्सी सिटीपर्यंत पद्मिनीने रेडिओ लावला नाही. आतापर्यंत सीमा आपल्या हातून घेणार नाही, याची भीती होती. आता ती घेईल याची वाटू लागली.

महिनाभर तिने नेम पाळला. दूध टेबलावर. रिबिनी टेबलावर. रस्ता ओलांडताना हात धरायचा, पण त्या हातात काही नसेल हे आधी बघायचं. सीमा आता तिच्या मागे मागे करायची, शाळेतल्या गमती सांगायची, आणि ती जवळ आली की पद्मिनी हातातली वस्तू खाली ठेवायची. रात्री अंथरुणावर पडली की तिची तिलाच चीड यायची. डॉक्टरेट झालेली बाई, एका म्हातारीच्या चार शब्दांनी पोटच्या पोरीला घास भरवत नाही. चोवीस नोंदी म्हणजे काय पुरावा झाला? असलं काही नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

डिसेंबरात एका दुपारी बर्फामुळे शाळा लवकर सुटली. वरणभात, वर तुपाची धार. पद्मिनीने ताट ठेवलं, भात कालवून दिला, आणि उठायला लागली. सीमाने तिचा पदर धरला.

"आई, तू भरव ना."

"आपल्या हाताने जेवतेस ना छान तू?"

"तू भरव. त्या दिवशीसारखं."

तिने तोंड उघडलं आणि वाट बघत राहिली. खालचा एक दात पडला होता. पद्मिनीने घास उचलला. तो तिच्या हातात किती वेळ होता कुणास ठाऊक. असलं काही नसतं, ती पुन्हा मनात म्हणाली.

सीमाने घास घेतला. मग दुसरा. मग सगळा भात.

संध्याकाळी साडेसहाला गुरुदत्त आला. बूट झटकले, खुर्चीत बसला. पद्मिनीने चहाचा कप पुढे धरला, आणि त्याने तो घेतला.

सरळ, हातातून. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. गरम होती. "हुश्श, काय थंडी आहे यार," तो म्हणाला. पद्मिनीला इतकं हायसं वाटलं की ती तिथेच खाली बसली.

सीमा आतून धावत आली. तिने शाळेत चित्र काढलं होतं, घर आणि तीन माणसं. तिने ते बाबांपुढे धरलं.

"वा वा," गुरुदत्त म्हणाला. "ठेव तिथे टेबलावर, बघतो हं."

सीमा थांबली. मग वळली आणि चित्र आईपुढे धरलं.

घे, पद्मिनी स्वतःला म्हणाली. घे ते. आत्ता घे.

तिचा हात मांडीवर होता. तो तिचाच होता, दुखत नव्हता, बधिर झाला नव्हता. तो उठला नाही.

"ठेव तिथे टेबलावर," कुणीतरी प्रेमाने म्हणालं. आवाज पद्मिनीचा होता.

सीमा रडली नाही. तिने चित्र टेबलाच्या कडेला ठेवलं. हात मागे घेतला. मग, तिला कुणी शिकवलं नव्हतं तरी, दोन पावलं मागे सरकून उभी राहिली.